होळीपर्यंत दुपारचा गळ, होळीनंतर पहाटेचा

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या एका पोरानं विचारलंय, "काका, जानेवारीपासून सहा रविवार झाले, पहाटे साडेपाचला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर गळ टाकून बसतोय. रॉड नवा, गांडुळं ताजी, तरी दोन चिलापी सोडल्या तर हात रिकामा. मार्च संपेपर्यंत नदीचा नाद सोडून कोकणात खाडीवर जाऊ का? का सरळ उन्हाळ्यापर्यंत थांबू?"

थांबू नकोस आणि रॉडही बदलू नकोस. चुकलीय ती वेळ. नदीची वेळ उन्हावर ठरते आणि खाडीची चंद्रावर, आपण मात्र दोन्हीकडं रविवार बघून जातो. खाडीचं नंतर सांगतो, आधी नदी.

तुझी चूक मीही दोन हिवाळे केलीय. थंडीत पहाटे नदीवर वाफ असते. त्या वेळी पाण्यात हात घातला की कोमट लागतो आणि वाटतं, मासा आता मजेत चरत असणार. पण पाणी कोमट नसतं, बाहेरची हवा त्याहून गार असते म्हणून हाताला तसं भासतं. दिवसभरात नदीचं पाणी सगळ्यात थंड असतं ते सूर्य उगवायच्या सुमाराला, म्हणजे नेमकं तू कुडकुडत बसलेला असतोस तेव्हा. माशाचं अंग पाण्याइतकंच थंड. पाणी साधारण वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटला सुस्तावतात, खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, मग गांडूळ तोंडासमोर लोंबलं तरी ते हलत नाहीत.

मला हे शिकवलं भोगावतीच्या काठावरच्या एका म्हाताऱ्यानं. मी पहाटेपासून बसून अकराला सामान आवरत होतो आणि तो तेव्हा जेवणाचं फडकं घेऊन निवांत येत होता. कळकाची काठी, ज्वारीच्या ताटाचं भेंड तरंगायला, एवढंच सामान. माझी रिकामी पिशवी बघून म्हणाला, "मास्तर, माशाला बी ऊन लागतंय की." मी मास्तर नव्हतो, पण पँट-शर्ट घालून नदीवर येणारा त्याच्या लेखी मास्तरच. बारा ते दोनच्या दरम्यान त्यानं तीन मृगळ काढले. मी डबा तिथंच उघडला आणि बघत बसलो.

त्यानं गळ टाकला होता ती जागा नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. आपल्याकडं पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि पुढचा पावसाळा यायच्या आधी काढतात. त्यामुळं फेब्रुवारीतली पंचगंगा किंवा भोगावती ही वाहती नदी राहतच नाही, एकाखाली एक मांडलेले तलाव होतात. तू बसतोस बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, भिंतीजवळ, कारण तिथं पाणी खोल आणि मासा मोठा असणार असा हिशेब. मासा तिथं असतोही, पण थंडीच्या दिवसांत तो तळाला गप्प पडून असतो. म्हातारा बसला होता बंधाऱ्यापासून बराच वर. तिथं काठ उथळ, पाणी मांडीएवढं, तळाला काळा गाळ आणि समोर दक्षिणेचं मोकळं ऊन. काळा गाळ ऊन पितो. अकरापर्यंत त्या उथळ पट्ट्यातलं पाणी खोल पाण्यापेक्षा स्पष्ट ऊबदार होतं आणि मासा चरायला तिकडं सरकतो. मत्स्यटाकीत लावायचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून दोन्हीकडं बुडवून बघ. दोन अंशांचा फरक दिसला तरी तुझी जागा ठरली.

तेव्हा होळीपर्यंत साडेदहा ते दीड ही पहिली वेळ आणि चार ते अंधार पडेपर्यंत दुसरी. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं म्हणतात, पण नदीचं पाणी त्यानंतरही आठ-दहा दिवस मागंच राहतं. होळी झाली की गणित उलटं होतं. दुपार मेली म्हणून समज आणि पुन्हा पहाटेला ये, पण मग जागा बदलायची.

का, ते सांगतो. मार्चच्या उन्हात साठलेल्या पाण्यात शेवाळ वाढतं. दिवसा हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो वापरतं. त्यामुळं साठलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी. असा गुदमरलेला मासा वर तोंड काढतो, पण गळाला तोंड लावत नाही. पोरं मासे वर आलेले बघून हुरळतात आणि गळ टाकून कंटाळतात. या दिवसांत पहाटे बसायचं ते बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, बरग्यांच्या फटीतून पाणी गळून खडकांवर आपटतं तिथं. त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. कळंबा किंवा दुसऱ्या एखाद्या तलावावर जाणार असशील तर ऊन वर येऊन तासभर होऊ दे, मग बस. आणि तलावावर वारा ज्या काठाकडं वाहतोय त्याच काठाला जा. वारा वरचं ऊबदार पाणी तिकडं ढकलतो, त्याच्याबरोबर खाणंही. तोंडावर वारा घेऊन बसणं त्रासाचं आहे, पण पाठीवर वारा घेऊन बसणाऱ्यांच्या पिशव्या मी रिकाम्याच बघितल्यात.

आता धरणाचं पाणी. आवर्तन सुटलं की नदी चढते, बंद झालं की उतरते. तळातून सुटलेलं पाणी गार असतं, त्यामुळं चढत्या पाण्याचा पहिला दिवस वाया. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र पाणी काठाच्या नव्या गवतात शिरतं, तिथले किडे-अळ्या वर येतात आणि मासा कडेला येतो. मी पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो. तासाभरानं काडी पाण्यात गेली तर चढतंय, कोरड्यात राहिली तर उतरतंय. उतरत्या पाण्यात मासा उथळात थांबत नाही, मग काठीच्या एक-दोन लांबीएवढा आत गळ टाकायचा.

आमिषाचं थोडक्यात. थंडीत कमी आणि बारीक. सात-आठ नंबरचा गळ, त्यावर गांडुळाचा अर्धा तुकडा. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड कालवून काकवीनं मळ. गुऱ्हाळं चालू असतात तोवर ताजी काकवी मिळते आणि या कामाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पाण्यात गोळे टाकून जागा धरायची सवय असेल तर फेब्रुवारीत लिंबाएवढे दोन गोळे बास. सुस्त मासा तेवढ्यानंच पोट भरून घेतो आणि तुझ्या गळाकडं ढुंकूनही बघत नाही. पाव किलो कणीक नदीत ओतणारे लोक मला नेहमी मासे पाळायला आल्यासारखे वाटतात. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पाव मिलिमीटरचा पुरतो, शिसं जेमतेम भेंड उभं राहील एवढंच.

सायप्रिनसबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हा मोसम त्याचाच. रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात पावसाळ्यात, नव्या पाण्यात. सायप्रिनस मात्र थंडी सरता सरता, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान घालतो, आणि त्याची अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना डिंकासारखी लागतात. त्यासाठी तो अगदी घोट्याएवढ्या पाण्यात येतो. सकाळी नऊच्या सुमाराला काठच्या गवतात म्हैस शिरल्यासारखी खळबळ ऐकू आली तर ती त्याची जोडी असते. त्या वेळी तो काही खात नाही, गळ टाकून उपयोग नाही. दोन दिवसांनी त्याच जागेच्या थोडं पुढं, कमरेएवढ्या पाण्यात टाक. आपला मूळचा मासा नाही हा. जर्मन जात १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणली, बँकॉकची १९५७ मध्ये आली. तुझ्या त्या दोन चिलापीही बाहेरच्याच, १९५२ च्या.

मूळचा म्हणावा तो खडशी, म्हणजे महसीर. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडचंच नाव लॅटिन करून टाकलं, त्यामुळं शास्त्रात आजही तो 'खुदरी' आहे. वरच्या अंगाच्या खडकाळ, स्वच्छ पाण्यात हा लागला तर माझी विनंती आहे, ओल्या हातानं गळ काढ आणि सोडून दे. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढं बुरशी लागून मरतो.

मरळ भर दुपारी मिळते. तिला हवेत तोंड काढून श्वास घ्यावा लागतो, म्हणून कडेच्या पानांमध्ये 'चुप्प' असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की त्याच्या हातभर पुढं लहान मासा लावलेला गळ अलगद सोडायचा. पुढं उन्हाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्यांना धरणं सोपं असतं आणि म्हणूनच धरायचं नसतं.

कुठं बसू नये, तेही लिहितो. शहराच्या खाली, नाले नदीला मिळतात त्याच्या पुढं आणि इचलकरंजीपासून तेरवाडपर्यंत गळाचा सराव करायचा तर कर, पण तो मासा घरी नेऊ नकोस. पाणी कमी झालं की या पट्ट्यात मासे मरून तरंगायच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. खायचा मासा हवा तर भोगावती, कासारी, कुंभी, दूधगंगा, वेदगंगा यांच्या वरच्या अंगाला जा. तलाव आणि धरणांचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतं. काठावरच्या माणसाला आधी विचार, ते लोक पोटासाठी धरतात. नरसोबावाडीच्या घाटावर गळ काढायचाच नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाचं ठिकाण २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिकडंही नाही.

आणि मगर. शिरोळकडं कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठाला जाणार असशील तर हे नीट वाच. मी तुला दुपारची वेळ सांगितली, उथळ काठ सांगितला, ऊन सांगितलं. मगरीलाही फेब्रुवारीत तेच हवं असतं. अंग तापवायला ती त्याच वेळी त्याच काठावर येते आणि या दिवसांत मादीची अंडी घालायची वेळही जवळ आलेली असते. काठाच्या मऊ मातीत पोट घासल्याचा रुंद पट्टा आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली की सामान उचलायचं. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, मासा धुवायला वाकायचं नाही. बंधाऱ्याच्या खालीही पाण्यात उतरू नकोस. पाणी पडून पडून तिथं खोल डोह झालेला असतो आणि वरून तो दिसत नाही.

आता कोकण. जा, जरूर जा, पण कॅलेंडरमध्ये रविवारच्या खाली बारीक अक्षरात तिथी लिहिलेली असते, ती आधी बघ.

कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. जागेप्रमाणं अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि खाडीत जितकं आत जाशील तितकी भरती उशिरा पोचते.

कोल्हापूरहून मालवण, देवगड किंवा विजयदुर्ग, घाट उतरून साडेतीन-चार तास धर. पहाटे तीनला निघालास तर सातला पोचशील. खाडीत मासा चांगला लागतो तो भरतीच्या शेवटच्या दोन-अडीच तासांत आणि पाणी फिरल्यावर पहिल्या तासाभरात. मधली पाच-दहा मिनिटं पाणी थबकतं तेव्हा चहा पिऊन घ्यायचा. म्हणजे आपल्यासाठी सोयीची तिथी एकादशी-द्वादशी. द्वादशीला भरती नऊला, तू सातला हजर. पुनव-अवसेचं उधाण अजून तीन दिवस लांब असल्यानं पाण्याला ओढ असते, पण ते गढूळ झालेलं नसतं. अष्टमीला सातला पोचलास तर भरती होऊन गेलेली, वर भांगाचे दिवस, म्हणजे पाणी धड चढत नाही की उतरत नाही. माझी पहिली खेप अशीच अष्टमीची होती. कोळंबी विकणारी मावशी मला बघून म्हणाली, "आज भांग हा, पाण्याक जोर नाय. दोन-तीन दिसांनी येवा." मी दोनशे किलोमीटर जवळ केले ते काय परत जायला, म्हणून दिवसभर बसलो आणि तिची कोळंबी खेकड्यांना खाऊ घातली.

वाऱ्याचंही तसंच. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो, त्याला मतलई म्हणतात. तोवर किनाऱ्याला समुद्र सपाट असतो. अकराच्या सुमाराला तो पडतो, मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दोन-तीन वाजेपर्यंत लाटांनी दोरा सरळ राहू देत नाही. म्हणून उघड्या वाळूवर सकाळी आणि वारा उठला की खाडीच्या आडोशाला, असा दिवस लाव.

सुरुवात मुडदुशांपासून कर, नवशिक्याला तेच शहाणं करतात. सपाट वाळूचा किनारा, चढती भरती. दहा नंबरचा बारीक गळ, त्यावर हरभऱ्याएवढा कोळंबीचा तुकडा. लाट फुटते तिच्या अलीकडं, मांडीभर पाण्याच्या पट्ट्यात टाकायचं, लांब फेकायचा मोह आवरायचा. शिसं वाळूवर टेकलं की दोरा बोटावर घेऊन हळूहळू ओढत राहा. मुडदुशी लागते ती दाराची कडी वाजवल्यासारखी, टक टक. पहिल्या टकीला ओढू नकोस. दुसऱ्या टकीनंतर दोरा जड झाला की मनगट फिरव. पांढरट, बोटभर रुंदीचा, काचेसारखा चमकणारा मासा वर येतो.

खाडीत खडकाच्या किंवा धक्क्याच्या कडेला तांबोशी. तिला जिवंत कोळंबी शेपटीजवळ टोचून लावायची आणि तंगूस ०.४० ते ०.४५ मिलिमीटरचा हवा. लागली की ती आधी खडकाच्या कपारीकडं पळते, पहिल्या तीन सेकंदांत थोपवली तर तुझी. जुन्या भिंती, होड्यांचे दोर, शांत कोपरा असेल तिथं काळुंदर मिळतं. तोंड एवढंसं, गळ लहान हवा. शेवटे पाण्यावर झुंडीनं दिसतील आणि गळाला जवळजवळ कधीच लागणार नाहीत, त्यांच्या मागं वेळ घालवू नकोस, ते पागाचं, म्हणजे फेकायच्या जाळ्याचं, काम. शेंगाळा लागला तर सांडशीनं धर. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. फुगणारा केंड जिवाला घातक, कितीही गुबगुबीत दिसला तरी परत पाण्यात.

खडकावर उभा राहिलास तर मागं बघत राहा. विजयदुर्गच्या बाजूला मी एकदा समोरच्या पाण्यात इतका गुंगलो की पाठीमागच्या घळीत भरती शिरलेली कळलीच नाही. कमरेएवढ्या पाण्यातून परत यावं लागलं. खडकाला चिकटलेल्या कालवांनी तळवा चिरला, जखम महिनाभर चिघळली आणि नवी रील पाण्यात गेली ती गेलीच. तेव्हापासून जाड तळाचे बूट घालतो आणि मोबाइलवर भरतीच्या वेळेचा गजर लावून ठेवतो.

आणखी काही बारीकसारीक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, मालवणात गळ काढायच्या आधी कुठं चालतं ते विचारून घे. शिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते, त्या दोन दिवसांत देवगडच्या रस्त्याला जाऊ नकोस. शिमग्याच्या दिवसांत गावं पालखीच्या मागं असतात, ताजी कोळंबी मिळायची मारामार. तेव्हा आदल्या दिवशीच फोन करून ठेवायला कुणीतरी ओळखीचं करून ठेव. आणि बर्फ बंदरावरच भरून घे, परतीच्या घाटात तो कुठंही मिळत नाही. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ आणि डब्याच्या तळाला एक भोक, वितळलेलं पाणी निघून जायला. त्या पाण्यात मासा बुडून राहिला की गगनबावडा चढेपर्यंत मऊ पडतो.